मेंढ्यांचं औषध

मी शेंगी बोलतेय. खरं तर हे कुणाला सांगायचं नाही, असं घरात ठरलं आहे. पण ठरलं तेव्हा मी कॉटखाली पडून होते आणि कुत्रीला कुणी शपथ घातली नव्हती.

माझा जन्म जुळे सोलापुरातल्या एका अर्धवट बांधकामावर, वाळूच्या ढिगात झाला. ऋतुजाने मला दप्तरात घालून घरी आणलं. रंग शेंगदाण्याच्या सालीसारखा, म्हणून शेंगी. ऋतुजा फारसं कुणाशी बोलत नाही. जे बोलते ते माझ्या कानात.

या उन्हाळ्यात मला गोचीड झाले. डॉक्टर रुद्राणी मॅडमनी एक गोळी लिहून दिली. नऊशे रुपयांची.

"एका गोळीला नऊशे?" ऋतुजाचे पप्पा दवाखान्यातच मोठ्याने म्हणाले. "सोन्याचा वर्ख लावलाय का मॅडम?"

मॅडमनी वरसुद्धा पाहिलं नाही. "परवडत नसेल तर पाळू नये."

बाकावरची सगळी माणसं पप्पांकडे बघायला लागली. त्यांचे कान लाल झाले. बाहेर आल्यावर त्यांनी चिठ्ठी चुरगळून टाकली.

रविवारी नातेपुत्याहून ऋतुजाचे बिरप्पामामा आले. त्यांची मेंढरं आहेत. त्यांनी पिशवीतून एक बाटली काढली. "आमी आख्ख्या कळपाला ह्येच लावतो की. एक बी मेंढरू दगावलं न्हाय. बादलीला एक टोपण, बास."

"गोचीड लई आहेत," म्हणत पप्पांनी दोन टोपणं ओतली आणि ती बादली माझ्या अंगावर रिकामी केली.

मामा खोटं बोलले नव्हते. पण मेंढरू स्वतःचं अंग चाटत नाही. मी वाळेपर्यंत चाटत बसले.

दुसऱ्या दिवशी माझ्या तोंडातून लाळ गळू लागली. मागचे पाय लटपटायला लागले. पप्पा ऋतुजाला म्हणाले, "त्या औषधाचं दवाखान्यात बोलायचं नाही. ती बाई परत चारचौघांत माझी लाज काढेल." ऋतुजाने मान हलवली.

आज मॅडमनी विचारलंच. "अंगाला काही लावलं होतं का? फवारणी, पावडर?"

"छे हो. काहीच नाही."

"मग रक्त तपासू. सोनोग्राफी करू. दोन दिवस सलाईन लागेल."

"झालं तुमचं मीटर सुरू!"

"मी काय ज्योतिषी आहे? तपासल्याशिवाय कळणार कसं? बाहेर बसून ठरवा."

माझ्या केसांना अजून त्या औषधाचा उग्र वास येतो. मॅडमच्या तोंडाला मास्क होता आणि वाकून हुंगायला त्यांना वेळ नव्हता. पप्पांना तो वास येतो. ते तोंड फिरवून बसले आहेत.

माणसं शहाणी असतात, असं मी समजत होते. मी मरावं असं या दोघांनाही वाटत नाही, हे मला कळतं. पण हार कुणाला नको आहे.

मी ऋतुजाच्या मांडीवर आहे. माझे पाय आता मला माझे वाटत नाहीत. तिने वहीच्या कागदावर बाटलीवरचं नाव उतरवून आणलं आहे. कागद तिच्या मुठीत घामाने भिजला आहे. पप्पांना ठाऊक नाही. मला आहे.

"शेंगी कोण? आत घ्या तिला."

बोलावलं. ऋतुजा, तुला बोलता येत नसेल तर बोलू नकोस. आत गेल्यावर नुसती मूठ उघड आणि तो कागद मॅडमच्या हातात—