उजवी सीट

प्रमोदिनी आयर्लंडमधल्या ट्रलीच्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ. आठवडाभर माणसांना झोपवायचं आणि सुट्टीला घरामागच्या शेडमध्ये एका मेलेल्या गाडीला उठवायचं, हा तिचा दोन वर्षांचा उद्योग. त्र्याहत्तर सालची लाल मस्टँग, कुणाच्या तरी गोठ्यात पडून होती. तिने तळाचा गंजका पत्रा कापून नवा जोडला, वेल्डिंग व्हिडिओ बघून शिकली, पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवले, इंजिन सुटं करून पुन्हा भरलं. नवरा प्रसन्न, सॉफ्टवेअरवाला, घरूनच काम करणारा. त्याने चहा केला. उत्तम करायचा, वाद नाही. पण पाना कुठला आणि पक्कड कुठली हे काही त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

आणि तरी जो तो विचारायचा प्रसन्नलाच! पार्ट्स आणणारा माणूस दारात तिला म्हणायचा, "मिस्टर आहेत का? त्यांचा कार्ब्युरेटर आलाय." नाशिकहून सासूबाई व्हिडिओ कॉलवर, "प्रसन्नने काय चमकवलीय गं गाडी! तूही करतेस ना त्याला मदत?" एकदा तरी या गृहस्थाने म्हणावं, आई, सगळं हिनेच केलंय? छे! "केलं आम्ही मिळून," म्हणायचा. आम्ही! प्रमोदिनीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

ती भांडली की म्हणायचा, "लोक बोलतात गं, सोड ना." ती सोडायची, कारण तिला एकच हवं होतं. जुन्या गाड्यांच्या क्लबची रन होती, सगळ्यांनी मिळून काढायची फेरी, ट्रली ते डिंगल. तिथे सगळ्यांच्या देखत गाडी स्वतः चालवत न्यायची, की मग कुणाला काही सांगायलाच नको.

रनच्या रविवारी चक्क ऊन पडलं होतं. क्लबच्या डोनलने आदल्या दिवशीच गाडी ट्रेलरवरून मैदानात आणून ठेवली होती. बॉनेटखाली डोकावून त्याने प्रसन्नच्या पाठीत धपाटा घातला. "फेअर प्ले टू यू, शाब्बास! इंजिन काय केलंयस!" मग हिच्याकडे वळून, "नवरा सारखा शेडमध्ये. कसं सहन केलंत हो?"

"करते बिचारी," प्रसन्न हसून म्हणाला.

प्रमोदिनीने राग गिळला आणि डाव्या दाराकडे गेली. गाडी अमेरिकन, स्टिअरिंग डावीकडे.

"अगं, थांब," प्रसन्न म्हणाला. "इन्शुरन्स माझ्या एकट्याच्या नावावर आहे."

"काय?"

"तुझं इथलं लायसन्स नवीन ना. तुझं नाव घातलं की शंभर प्रश्न विचारत होते. म्हटलं, कशाला डोक्याला ताप. तू बस ना आरामात शेजारी."

"मला सांगितलं का नाहीस?"

"विसरलो गं. एवढं काय त्यात?"

तो खरंच विसरला होता. लपवलं असतं तर निदान कडाकडा भांडता तरी आलं असतं! ती वळसा घालून उजव्या सीटवर जाऊन बसली. आयर्लंडभर जिथे स्टिअरिंग असतं, तिथे हिच्यापुढे नुसता कप्पा. पलीकडच्या गाडीतल्या म्हाताऱ्याने सवयीने तिलाच ड्रायव्हर समजून हात केला. दोन वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी गाडी हिची वाटली, आणि तेही चुकून.

ती उतरली. "बॉनेट नीट लागलं नाहीये," म्हणत तिने ते उचललं, डिस्ट्रिब्युटरची टोपी काढली, आतला अंगठ्याएवढा रोटर खिशात टाकला आणि टोपी पुन्हा बसवली. हा नसेल तर प्लगपर्यंत ठिणगी पोचत नाही. बॉनेट आपटून ती बाजूला उभी राहिली.

झेंडा पडला. प्रसन्नने किल्ली फिरवली. घुर्र, घुर्र, बस्स. बाकीच्या गाड्या हॉर्न वाजवत एकेक निघून गेल्या. डोनल धावत आला आणि प्रसन्नलाच विचारू लागला, "काय झालं? पेट्रोल येतंय का? स्पार्क?" प्रसन्न बॉनेट उघडून आत बघत राहिला. कुठे हात लावावा हेही त्याला कळेना.

"प्रमो, बघ ना गं," तो शेवटी म्हणाला.

"मी कशाला? तुझी गाडी, तुझा इन्शुरन्स."

प्रसन्नचे कान लाल झाले. "डोनल," तो म्हणाला, "गाडी हिने बनवलीय. सगळी. मला यातलं ओ की ठो कळत नाही."

आलं एकदाचं तोंडातून! पण तोवर मैदान रिकामं झालं होतं, ऐकायला एकटा डोनल. तो क्षणभर थक्क झाला, मग त्याने पुन्हा प्रसन्नच्याच पाठीत धपाटा घातला.

"नशीबवान आहेस लेका! अशी बायको मिळाली."

प्रमोदिनीने रोटर खिशातच ठेवला आणि टॅक्सीला फोन लावला.