बांधावरचा आंबा

सावळीरामने पहार घातली आणि आंब्याची मनगटाएवढी मुळी तुटली. त्याने ती उचलून बांधावर भिरकावली, थेट मालनबाईच्या पायांपाशी. आई सकाळपासून तिथेच बसून होती.

बांध दोन भावांचा. अलीकडे सावळीरामचे टोमॅटो, पलीकडे धाकट्या रविराजची द्राक्षं आणि मधोमध आईने लावलेला आंबा. ठिबक चालू असूनही बांधालगतच्या टोमॅटोच्या दोन ओळी भरदुपारी माना टाकायच्या. पाणी आंबा पितो, हे उघडच होतं. अशा वेळी बांधाच्या कडेने चर खणून झाडाच्या मुळ्या तोडायच्या, हा इथला जुना इलाज. सावळीराम दोन दिवस खणत होता.

“समद्या नको तोडू रं,” मालनबाई म्हणाली. “जाड मुळी झाडाला नुसती धरून ठेवती. पाणी पिती ती केसावानी बारीक मुळी, पार लांब टोकाला. ती गेली की झाड चार दिवस हिरवं दिसतं, अन् तहानेनं मरतं.”

“मग रवीकडं पी म्हणावं! त्याची एक वेल सुकली नाय. तुझ्या आंब्याला बी माझंच घर दिसतं.”

लागावं म्हणूनच तो बोलला होता. आई बाराही महिने त्याच्याकडे जेवत होती. रविराजला ती दिवाळीच्या फराळापुरती आठवायची.

मालनबाईने तुटलेली मुळी उचलली, पदराने तिची माती पुसली.

“रवीकडच्या मुळ्या गेल्या सालीच तुटल्या. तू इगतपुरीला मेव्हण्याच्या लग्नाला गेलता, तवा. त्यानं जेसीबी आणला, चर मारला अन् सांजच्याला बुजवून बी टाकला. झाडानं काय करावं? ते तुझ्याकडं वळलं.”

सावळीरामला राग आला तो आंब्याचा नाही, रविराजचाही नाही, आईचा. त्याच्या घरचं जेवून वर्षभर ती धाकट्याचं झाकत होती.

“अन् तू मूग गिळून बसली? मला एका शब्दानं सांगायचं नाय?”

“सांगितलं असतं, तर तू बी तवाच तोडल्या असत्या.”

‘नसत्या तोडल्या,’ हे त्याच्या अगदी ओठांवर आलं. पण तो कमरेइतक्या चरात उभा होता, आणि चर बांधाच्या दुसऱ्या टोकाला पोचला होता.