ओल्शाच्या उतारावरचा झेंडा

काल दुपारपर्यंत मी आमच्या पंचक्रोशीतला नामांकित वीर होतो. आज सकाळी चर्चमधून ईस्टरआधीच्या उपवासाच्या पहिल्या दिवसाची राख कपाळाला लावून परतताना तीन बायकांनी मला थांबवून पोटाची तब्येत विचारली. असं का झालं ते लिहूनच ठेवतो. नाहीतरी लोक ही वही मागायला येणारच आहेत.

आमच्याकडे प्रत्येक घरात अशी एक जाड वही असते. घोड्याच्या खोकल्यावरचं औषध, लग्नात करायची भाषणं, मांस धुरवायची रीत, कोण कधी जन्मलं आणि कोण कशानं गेलं, सगळं तिच्यात. घरचा पुरुष लढाईवर गेला असेल तर लढाईसुद्धा. शेजारी वही मागून नेतात, आवडेल ते उतरवून घेतात आणि वर मेणाचे डाग पाडून परत करतात. माझ्या वहीतली ओल्शा नदीच्या उताराची, म्हणजे घोड्यावरून नदी ओलांडता येते त्या जागेची, लढाई सहा घरांनी उतरवून घेतली आहे. तिच्यात मी, प्रोकोप झारेंबा, चिलखती रिसाल्याचा शिलेदार, स्वीडिश घोडदळात एकटा घुसतो आणि त्यांचा निळा झेंडा हिसकावून आणतो. पहिल्यांदा लिहिलं तेव्हा ते अर्धं पान होतं. दर हिवाळ्यात थोडं थोडं वाढत त्याची सात पानं झाली.

झेंडा आणला होता माझ्या बारगिरानं, ओनुफ्रीनं. आता लगेच नाकं मुरडू नका. आमच्यात शिलेदार स्वतःचे घोडे आणि दोन-तीन बारगीर घेऊन रिसाल्यात दाखल होतो. तो पुढच्या रांगेत, बारगीर त्याच्या मागे. बारगिरानं जे मिळवलं ते शिलेदाराचं, ही रीत माझ्या आजोबांच्याही आधीची. सेनापतींनी विचारलं, "झेंडा कोणाचा?" मी म्हटलं, "माझा." इथपर्यंत सगळं रीतीला धरून होतं. पुढचं शाईनं केलं. त्या धुमश्चक्रीत ओनुफ्रीच्या खांद्यावर तलवार बसली होती. वहीत ती जखमसुद्धा मी माझ्याच खांद्यावर घेतली.

ओनुफ्री कुळानं आमच्यासारखाच, पण जमीन म्हणाल तर कोबी लावण्यापुरतीही नाही. लढाया संपल्यावर तो माझ्याकडेच राहिला आणि माझे घोडे सांभाळू लागला. चार वर्षांपूर्वी माझी बहीण पेत्रोनेला विधवा होऊन माहेरी आली. मग घोड्यांच्या तब्येतीची तिला एकाएकी फार काळजी वाटायला लागली. नाताळच्या आधी तिनं मला सरळ सांगितलं, "दादा, लग्न करीन तर ओनुफ्रीशी." मला आनंदच झाला. पण आमच्या घरात शब्द चालतो हिलारी मामांचा, आणि मामा म्हणाले, "दुसऱ्याच्या घोड्यामागं धावणाऱ्याला मी भाची देत नसतो." त्यांनी पलीकडच्या परगण्यातला एक साठीचा विधुर पाहून ठेवला होता. उपवासाचे चाळीस दिवस लागले की ते पेत्रोनेलाला आपल्या घरी नेणार आणि ईस्टर झाल्याबरोबर उजवून टाकणार, हे ठरलं होतं. म्हणजे जे काही व्हायचं ते काल, मंगळवारी.

आणि काल नेमकी बर्फगाड्यांची वरात माझ्या दारात येऊन थडकली. चौदा गाड्या, घोड्यांच्या गळ्यात घुंगरं, दोन सारंगीवाले, पाद्रीबुवा, आणि सगळ्यात पुढे अस्वलाच्या कातड्यात हिलारी मामा. उपवासाआधीच्या आठवड्यात ही वरात घरोघर फिरते. घरातलं सगळं खाऊन-पिऊन फस्त करते आणि यजमानालाही गाडीत घालून पुढच्या घरी जाते. तासाभरात माझ्याकडची दोन डुकरं, कोबी-मांसाचा अख्खा हंडा आणि मधाची जुनी दारू संपली. मग मामांनी टेबलावर मूठ आपटली.

"प्रोकोप, वही काढ! उतार वाच!"

"नको हो मामा, सगळ्यांना पाठ आहे."

"नखरे नकोत. चढ बाकावर."

मी चढलो. आणि काय सांगू, वाचायला लागलो की मला माझंच खरं वाटतं. मी घोड्याला टाच मारली, मी नदीत उडी घेतली, निशाणवाल्याला खोगिरातून उचलून फेकलं. मामा तर डोळे पुसायला लागले. दाराशी ओनुफ्री दारूची सुरई घेऊन उभा होता, खाली मान घालून. पेत्रोनेला माझ्याकडे बघत होती. तिनं रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. ती नुसती वाट बघत होती.

वाचून संपलं. मामा उठले आणि म्हणाले, "असा पुरुष मला आणून दाखवा, या क्षणी भाचीचा हात त्याच्या हातात देतो!"

गप्प बसलो तर सहा घरांत नाव राहत होतं. पेत्रोनेलानं आजवर माझ्याकडे काही मागितलं नव्हतं, आणि कालही मागितलं नाही.

"मामा," मी म्हटलं, "तो दारात उभा आहे. झेंडा ओनुफ्रीनं आणला."

"अरे, बारगिराचं ते शिलेदाराचं. नवीन काय सांगतोस?"

"पण मी तिथं नव्हतोच."

"कुठं होतास मग?"

"अलीकडच्या काठावर. आदल्या दिवशी कच्चे आलुबुखारे खाल्ले होते. तुतारी वाजली तेव्हा मी झाडामागं... बसलो होतो."

असा हशा पिकला की छपरावरचं बर्फ घसरलं असेल. पण मामांनी हात वर केला आणि सगळ्यांकडे अभिमानानं पाहिलं. "बघा, याला म्हणतात मोठेपणा! बहिणीसाठी स्वतःच्या तोंडाला काळं फासून घेतोय." मग ते दाराकडे वळले. "ओनुफ्री, खरं सांग. झेंडा कोणी आणला?"

"धन्यांनी," ओनुफ्री म्हणाला.

"अरे गाढवा!" मी बाकावरून ओरडलो.

"धन्यांचं मीठ खाल्लंय. धन्यांनी आणला."

आता आली का पंचाईत! जन्मभर खोटं बोललो तेव्हा सगळ्यांनी विश्वास ठेवला, आणि खरं बोलतोय तर एकाचाही बसेना. माझं डोकंच फिरलं. कमरपट्टा सोडला, अंगरखा भिरकावला, सदरा डोक्यावरून ओढून काढला. बायका किंचाळल्या, पण बोटांच्या फटीतून बघत होत्या.

"डाव्या खांद्यावर दोन बोटं खोल जखम, असं वहीत लिहिलंय ना? शोधा! सापडते का बघा!"

पाद्रीबुवा मेणबत्ती घेऊन पुढे आले, त्यांनी ती माझ्या पाठीवरून फिरवली. "एक तीळ आहे," ते म्हणाले. "बाकी सोललेल्या मुळ्यासारखी पाठ आहे."

मामांचा चेहरा उतरला. "ओनुफ्री, सदरा काढ."

ओनुफ्रीनं सदऱ्याचा गळा दोन्ही हातांनी आवळून धरला. "नाही काढणार. माझ्या अंगावर काही नाही."

"काही नाही कसं!" पेत्रोनेला एकदम उसळली. "उजव्या खांद्यावर आहे, तिरपी, चांगली वीतभर! दादाला धड लिहितासुद्धा आलं नाही!"

सारंगीवाल्यांनीसुद्धा माना वळवल्या. मामांनी हळूच विचारलं, "तुला कसं ठाऊक?"

"मी... मलम लावलं होतं."

"जखम पंधरा वर्षांची. मलम कधी लावलंस?"

"मागच्या सुगीत," पेत्रोनेला म्हणाली आणि कानापर्यंत लाल झाली.

पाद्रीबुवांना जोराचा खोकला आला. मामांनी एकदा तिच्याकडे, एकदा ओनुफ्रीकडे पाहिलं, आणि गडगडाटी हसत सुटले. "मग आता काय राहिलंय! ये रे, ये पुढं. तिचा हात घे हातात. बुवा, खोकणं पुरे, आशीर्वाद द्या!"

काल दुपारी चारच्या सुमाराला, चौदा गाड्यांच्या साक्षीनं, दोघांच्या अंगठ्या बदलल्या. ईस्टरनंतरच्या पहिल्या रविवारी लग्न. सारंग्या सुरू झाल्या, माझ्या बहिणीनं ओनुफ्रीला ओढत तीन फेऱ्या नाचवलं. तिला इतकं हसताना मी लहानपणानंतर पाहिलं नव्हतं. मी बाकावर तसाच उघडा उभा होतो आणि मला थंडीही वाजत नव्हती, इतका मी खूष होतो.

नाच थांबल्यावर मामांनी जावयाच्या खांद्यावर थाप मारली, नेमकी उजव्या. "आता तुझ्या तोंडून ऐकू दे. एवढ्या स्वीडिशांत एकटा घुसलास, काय आलं होतं मनात?"

ओनुफ्री ओशाळला. त्याला बोलायची सवय नाही.

"झेंड्याचं काही मनात नव्हतं हो. धन्यांचा तांबडा घोडा दिसला, पलीकडच्या काठावर, त्यांच्या गर्दीत. खोगीर रिकामं."

मला आठवलं. झाडाला बांधायला वेळच मिळाला नव्हता. तुतारी ऐकून तो मुका जीव सवयीनं आपल्या रांगेत जाऊन उभा राहिला असणार, आणि रांगेबरोबर धावला असणार.

"मला वाटलं, धनी पडले," ओनुफ्री म्हणाला. "निदान उचलून आणावं म्हणून गेलो. शोधत होतो. झेंडेवाला सारखा मधे येत होता."

कोणी हसलं नाही. मी बाकावरून उतरलो. पंधरा वर्षं तो हे पोटात ठेवून माझ्या घोड्यांना खरारा करत होता, आणि मी दर हिवाळ्यात त्याच्या डोळ्यांदेखत एकेक पान वाढवत होतो. मला रडू फुटलं, आणि मी ते लपवलं नाही.

"सापडलो कुठं मी तुला?" मी विचारलं.

"झाडामागं," तो म्हणाला. "एवढा आनंद झाला होता धनी, की झेंडा तुमच्या हातात कधी दिला तेच आठवत नाही."