पूजेला काढलेली बंदूक

खंडेनवमीला कोयते-कुदळींच्या सोबतीनं वाल्मीकची परवान्याची बंदूकही पाटावर यायची. रानडुकरांसाठी घेतलेली, एरवी माळ्यावर पडून असायची. माले गावात नांदायला आल्यापासून रंभाबाईच ती उतरवायची, पुसायची, नळीला कुंकू लावायची. नवऱ्याचा तापट स्वभाव काय तिला ठाऊक नव्हता? तरी यंदाही उतरवलीच. सणाला हत्यार पुजायचं नाही, हे तिच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं.

पूजा आटोपली आणि वाल्मीकनं जमिनीचा विषय काढला. रस्त्याकडेचे दोन एकर त्याला एका बंगलेवाल्याला विकायचे होते, आणि सातबाऱ्यावर रंभाबाईचंही नाव होतं.

"मी न्हाई सही करायची," ती म्हणाली.

झालं, माणूस बिथरला. त्यानं दार लावून घेतलं, बंदुकीत काडतुसं भरली आणि नळी तिच्या गळ्याला टेकवली.

आरडाओरडा ऐकून शेजाऱ्यांनी फोन केला, तासाभरात पोलिसांनी घराला वेढा घातला. फौजदार भोंग्यावरून विनवत होते आणि आतून वाल्मीक गुरकावत होता, "पाऊल टाकलं तर हिला उडवीन." चार तास हेच चाललं. मधूनमधून तो विक्रीचे कागद पुढं सरकवायचा, ती नकारार्थी मान हलवायची. तिनं सही केली नाही. शेवटी नवरात्राच्या उपासानं त्यालाच घेरी आली. तिनं हाक मारली, तसे पोलीस मागचं दार तोडून आत शिरले.

खटला पुण्यात उभा राहिला. पोलिसांनी धमक्या ऐकल्या होत्या, पण आतलं काही डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. शेजारी फितूर झाले. त्यांना गावात राहायचं होतं. पूजेला हजर असलेला पोटचा मुलगा किशोर तर सांगून मोकळा झाला, "बंदूक आधीचीच भरलेली होती. तात्या पूजा करत होते." खरं बोलली ती एकटी रंभाबाई. मग वाल्मीकच्या वकिलानं बंदुकीचा पंचनामा काढला.

"नळीवर कुंकू आहे. कुणी लावलं, बाई?"

"म्याच."

"माळ्यावरून काढली कुणी?"

"म्याच. पूजेला."

"म्हणजे बंदूक त्यांच्यापुढं तुम्हीच आणून ठेवलीत."

देवाच्या कुंकवावरून खोटं बोलायला तिची जीभ रेटेना. "व्हय," ती म्हणाली. बंदूक पूजेचीच होती असं ठरलं आणि संशयाचा फायदा मिळून वाल्मीक सुटला.

दुपारी तो घरी आला, पोटभर जेवला. मग तेच कागद तिच्यापुढं ठेवून भिंतीला टेकून बसला. बंदूक अजून पोलिसांकडंच होती. त्याचा आवाजही चढला नाही.

"सावकाश कर," तो म्हणाला. "मला आता कुटं जायचं न्हाई."

त्या दिवशी गळ्याला नळी होती, पण दाराबाहेर चाळीस पोलीस तिच्यासाठी उभे होते. आज अंगणात किशोर पेढे वाटत होता. रंभाबाईला रडूही आलं नाही.

"सही कुटं करू?" तिनं विचारलं.