जुन्या आवाजाची गिटार

पंचशीलाच्या डाव्या हाताच्या चारही बोटांची टोकं कडक झाली होती. तिथली कातडी पिवळसर, चकचकीत दिसत होती, आणि करंगळीही त्यातून सुटली नव्हती. तारेवर करंगळीचं काम सगळ्यात कमी. तिचं टोक घट्ट झालं म्हणजे माणूस रोज वाजवतो असं समजावं. पोह्यांची बशी पुढे करताना संबोधीने हे पाहिलं आणि स्वतःचा डावा हात नकळत पदराखाली घेतला. तिची करंगळी अजून मऊ होती.

पंचशीला संबोधीच्या धाकट्या भावाची बायको. लग्न होऊन आली तेव्हा गिटार कशी धरतात तेही तिला ठाऊक नव्हतं. सासऱ्यांशेजारी बसून बसून शिकली. संबोधी त्याच माणसाकडून, आपल्या वडिलांकडून, शाळेत असल्यापासून शिकत होती. संबोधीचं वाजवून झालं की बाबूराव म्हणत, "बरोबर." पंचशीलाचं झालं की काहीच म्हणत नसत, डोळे मिटून नुसते बसत. त्या मिटलेल्या डोळ्यांचा संबोधीला जितका राग येई तितका पंचशीलाचाही येत नसे.

बाबूरावांच्या गायन पार्टीचं महूपासून इंदूरपर्यंत नाव होतं. दर जयंतीला स्टेजवरच्या गादीवर मांडी घालून ते इलेक्ट्रिक गिटार वाजवत, आणि गाणाऱ्याच्या ओळीला त्यांची तार असं उत्तर देई की टाळी तारेलाच पडे. ती गिटार त्यांनी तरुणपणी छावणीतल्या एका बँडवाल्याकडून घेतलेली. आवाज किंचित नाकातला, गोड, कडेला जरा खरखरीत. आता गिटारची मान वाकली होती आणि बाबूरावांचे हात कापू लागले होते. पार्टीचा कारभार त्यांनी मुलीकडे सोपवला. "माझ्या जागी कोण बसणार, ते तूच ठरव," म्हणाले.

"आधी तशा आवाजाची गिटार तर मिळू दे," संबोधी म्हणाली.

आणि गिटार काही मिळेना. मिळू नये याची काळजी तीच घेत होती. एकीचा आवाज फार टोचरा, दुसरीचे पिकअप, तारांचा आवाज टिपणारे ते चुंबक, नव्या धाटणीचे, खरी जुनी म्हणावी तर बजेटच्या पार बाहेर. पीथमपूरच्या औषध कारखान्यात ती गोळ्यांची तपासणी करी. माल नापास करण्याची कारणं शोधणं तिच्या हातचा मळ होता. घरच्यांना वाटे, ताई किती बारकाईने बघते! ताईला ठाऊक होतं, गिटार आली की नाव घ्यावं लागणार. स्वतःचं नाव घ्यायला जीभ रेटत नव्हती, आणि दुसरं नाव तिला घ्यायचंच नव्हतं.

जयंती तोंडावर आली तेव्हा मात्र टाळता येईना. रविवारी बाबूरावांना घेऊन दोघी इंदूरला, विजय नगरच्या वाद्यांच्या दुकानात गेल्या. दुकानदार मोहनजी बाबूरावांना ओळखत होते. त्यांनी बजेटमधल्या दोन गिटार काढून ठेवल्या: एक तपकिरी, आतून पोकळ अंगाची, दुसरी पांढरी, सपाट, जुन्या घाटाचे पिकअप बसवलेली.

"ताई, मला पांढरी आवडली," पंचशीला म्हणाली. "अपनी वाली की याद आ गई एकदम."

संबोधीच्या हातात तपकिरी बसली होती. तिच्यावर आपले सूर भरल्यासारखे वाटत. तिने मनाशी ठरवलं, बाबांनी तपकिरी उचलली तर ती माझी, आणि जागाही माझी. निमित्त तरी मिळेल.

"असं आवडीनिवडीवर नको," ती म्हणाली. "बाबा, तुम्ही भिंतीकडे तोंड करून बसा. आम्ही दोघी दोन्ही गिटार वाजवू. एकीनेच वाजवलं तर तिच्या हाताचा दोष गिटारला चिकटतो. चाल तीच, अॅम्पही तसाच. मधे कुणी बोलायचं नाही. तुमचा जुना आवाज आला की हात वर करा."

"बाऊजी, बेटी ने तो परीक्षा में बिठा दिया," मोहनजी हसले.

"लहानपणी मी बसवायचो, भिया. वसूल करतेय," बाबूराव म्हणाले आणि टांगलेल्या बासऱ्यांकडे तोंड करून स्टुलावर बसले.

आधी संबोधीने तपकिरी वाजवली. एकही सूर चुकला नाही. बाबूरावांचा हात मांडीवरच राहिला. मग तिने खूण करून पंचशीलाच्या हातात पांढरी दिली. दुसऱ्याच ओळीला बाबूरावांचा कापरा हात वर गेला. गेली तपकिरी, संबोधीला वाटलं. पण नियम तिनेच केला होता. तिने पांढरी मागून घेतली आणि स्वतः वाजवली, अगदी जपून. हात खालीच. शेवटी पंचशीलाने तपकिरी मांडीवर घेतली, आणि हात पुन्हा वर गेला. या वेळी जरा घाईनेच.

"लो! दोनों पे हाथ उठा दिया," मोहनजी म्हणाले. "दोनों पैक कर दूँ?"

बाबूराव वळले. "दोन्हीवर? कसं शक्य आहे?"

"आणि दोन्हींना नापासही केलंत, बाबा," पंचशीला गोंधळून म्हणाली. "माझंच काही चुकलं असेल. फिर से करू या का?"

बाबूरावांच्या चेहऱ्यावरचं हसू उतरलं. "नको बेटा. तुझं नाही चुकलं. माझे कानच गेले. हात गेले, आता कानही गेले." त्यांनी कानाची पाळी चोळली. "संबोधी, तुला हवी ती घे गं. मला काही कळेनासं झालंय."

दुकानात कुणालाच काही कळलं नव्हतं. फक्त संबोधीला कळलं होतं. तिने गिटार तपासायला घेतल्या होत्या आणि निकाल तिसऱ्याच गोष्टीचा लागला होता. बाबांनी एकदाही चूक केली नव्हती. तपकिरी असो की पांढरी, जुना आवाज ज्या हातातून आला, त्याच हाताला त्यांनी दोन्ही वेळा ओळखलं होतं.

गप्प राहणं अगदी सोपं होतं. म्हाताऱ्या माणसाचे कान. कुणी शंका घेतली नसती. तपकिरी उचलायची, जयंतीला गादीवर बसायचं, सगळे सूर बरोबर लावायचे. पंचशीला खाली बसून कौतुकाने टाळ्याही वाजवेल. तिला तर मत्सर कशाशी खातात हेही माहीत नव्हतं, आणि संबोधीला या घडीला तिच्या त्या न माहीत असण्याचाही हेवा वाटला.

बाबूराव अजून कान चोळत होते.

"बाबा, कान सोडा. शाबूत आहेत," संबोधी म्हणाली. कारखान्यात अहवाल वाचते तसा तिचा आवाज निघाला, कोरडा. "दोन्ही वेळा ही वाजवत होती. मी वाजवलं तेव्हा तुमचा हात हलला नाही."

पंचशीला काही बोलणार होती. संबोधीने तिच्याकडे पाहिलं नाही.

"मोहनजी, पांढरी बांधा. हिला ती आवडलीय," ती म्हणाली. मग एक श्वास घेतला, पण आवाज काही मऊ झाला नाही. "जयंतीला बाबांच्या जागी पंचशीला बसेल."