सातवा फोटो

तिने फोटो टेबलावर पालथा ठेवला आणि त्यावर तळहात दाबून धरला.

"हात काढा ना ताई. एकदा शेवटचं बघू द्या," अध्यक्ष म्हणाले. ते दातांचे डॉक्टर होते. समोरच्याने तोंड उघडावं म्हणून वापरायचा तो मऊ आवाज त्यांनी इथेही लावला होता.

"चौघांनी तीन-तीन वेळा पाहून झालाय. आता त्यात नवीन काय उगवणार आहे?"

छायाचित्र मंडळाची खोली म्हणजे चष्म्याच्या दुकानावरचा पोटमाळा. दुकान मंडळाच्या सचिवांचंच. भिंतीवर नजर तपासायचे जुने तक्ते तसेच राहिले होते, वर ठसठशीत अक्षरं आणि खाली मुंगीएवढी होत गेलेली. त्यांच्याखाली पाच खुर्च्या. ती सोडली तर बाकीचे चौघे एका बाजूला बसले होते. बसायची ही मांडणीच तिला आल्या आल्या झोंबली होती.

"मी सांगतो ना," खिडकीजवळचा सभासद म्हणाला. हातभर लांबीची पांढरी लेन्स खांद्यावर घेऊन फिरणाऱ्या या गृहस्थाला मंडळात सगळे तोफखाना म्हणत, आणि त्याला ते आवडे. "खांब बघा. काळाकुट्ट. तारा बघा, त्याही काळ्याकुट्ट. आणि खांबावर चढलेला लाइनमन? फिका. त्याच्या डोक्याभोवतीचे पक्षी? तेही फिके. एका उजेडात असे दोन रंग होत नाहीत. माणूस आणि पक्षी मागाहून चिकटवलेत. छान चिकटवलेत, त्याबद्दल वादच नाही."

"धुकं होतं."

"धुकं खांबाला सोडून फक्त माणसाला लागतं का हो ताई?"

कुणीतरी नाकातून हसलं.

"आणि रागावू नका," तोफखाना पुढे म्हणाला, "पण कॅमेऱ्याच्या खोक्यात फुकट येते त्या लेन्समधून असा फोटो... म्हणजे माझ्याच्याने नाही झाला आजवर."

"लेन्सने फोटो निघत असते तर तुमच्या घरी भिंत उरली नसती," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. तिचा आवाज कधीच चढत नसे. रागावली की ती फक्त शब्द सुटे सुटे करून बोलायची.

सचिवांनी घसा खाकरला. "हे बघा, विभागाचं नाव 'एक क्षण'. नियम चौथा, जोडकाम चालणार नाही. शंका आली तर मूळ फाइल दाखवायची. कॅमेऱ्यातलं कार्ड आणलंय का तुम्ही?"

"आणलंय."

"मग द्या की. दोन मिनिटांत विषय संपतो."

कार्ड तिच्या पर्समध्ये होतं, छोट्या डबीत, कापसावर ठेवलेलं. तिने पर्स मांडीवरून उचलली आणि खांद्याला अडकवली.

"एकोणीस वर्षं मी लॅबमध्ये रक्तातल्या पेशी मोजते. मी आकडा लिहिते, डॉक्टर त्यावर औषध देतात. आजवर एकही डॉक्टर मला म्हणाला नाही, की बाई, काचपट्टी दाखवा, आम्ही परत मोजतो. तुम्ही म्हणताय. फोटो खरा आहे, असं मी सांगितलंय. तेवढ्याने भागत नसेल तर कार्ड बघून काय करणार?"

फोटो उचलून ती लाकडी जिना उतरली. खाली दुकानात एक आजोबा चष्म्याच्या फ्रेम घालून बघत होते. आरशात तिला स्वतःचा चेहरा दिसला, लालबुंद.

* * *

रोज सकाळी कामावर जाण्याआधी ती त्याच चौकात, बंद पडलेल्या छापखान्याच्या पायरीवर तिपाई लावायची. तिपाईच्या तीन पायांच्या खुणा तिने पायरीवर पांढऱ्या रंगाने करून ठेवल्या होत्या. समोर विजेचा खांब, तारा, मागे आभाळ. सात वेळा बटन दाबायचं. सहा नाही, आठ नाही. आणि घरी येईपर्यंत काढलेलं बघायचं नाही. मोह नको म्हणून कॅमेऱ्याच्या पडद्यावर ती काळ्या कापडाची पट्टी चिकटवायची, कड सुटली की मधेच अंगठ्याने दाबायची. घरी आल्यावर सातांतला एक ठेवायचा, बाकीचे पुसायचे आणि वहीत एक ओळ लिहायची. दोन वर्षं झाली, ताप आला तरी हा नेम चुकला नव्हता. हा फोटो त्यातूनच आला होता. सातशे दिवसांत एकदा.

आणि हे म्हणतात, चिकटवलाय.

"मग दाखवायचं होतंस ना कार्ड," नवरा म्हणाला. तो भाजी निवडत होता. बसमध्ये कंडक्टर म्हणून सत्तावीस वर्षं काढून तो नुकताच घरी बसला होता, आणि घरातल्या सगळ्या कामांना त्याने आपलं वेळापत्रक लावलं होतं.

"का दाखवू? मी चोर आहे?"

"चोर नाही गं. माझं आपलं कामावरचं सांगतो. तिकीट विचारलं की ज्याच्याकडे असतं तो पटकन काढून दाखवतो. नसतं ना, तो म्हणतो, माझा अपमान झाला."

तिने हातातलं ताट ओट्यावर ठेवलं. अगदी हळू, आवाज न होऊ देता.

"म्हणजे तुम्हीसुद्धा?"

"अगं, मी गंमत..."

"आठ दिवस माझ्याशी बोलू नका."

"आठ कशाला, सातच ठेव," तो पुटपुटला. पण ती तोवर बाहेर गेली होती.

त्या रात्री ती जेवली नाही. लॅबमध्येही दोन दिवस सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला की तिला तोफखान्याचं वाक्य ऐकू यायचं आणि मोजणी पहिल्यापासून करावी लागायची. मैत्रिणीला, बहिणीला, औषधाच्या दुकानदारालाही तिने सगळं सांगितलं. लाइनमन वर होता. एकदम पक्षी उठले. त्याच्या डोक्याभोवती फिरले, तिने बटन दाबलं. प्रत्येक वेळी सांगताना ते तिला आदल्या वेळेपेक्षा स्वच्छ दिसायचं. पक्ष्यांचा आवाजही ऐकू यायला लागला होता.

पाचव्या दिवशी सचिव स्वतः घरी आले. बूट काढता काढताच बोलायला लागले.

"ताई, मी माफी मागायला आलोय. सकाळी तुमच्या चौकात गेलो होतो. म्हटलं, उगाच कुणावर आळ नको. तिथे त्या झाडूवाल्या मावशी भेटल्या. विचारलं, त्या लॅबवाल्या ताई फोटो काढत होत्या, खांबाचं काम चाललं होतं, तेव्हा पक्षी आले होते का? म्हणाल्या, आले होते म्हणजे? आभाळ भरलं होतं. मी डोळ्यांनी पाहिलंय. शिवाय मलाच झापलं वर. म्हणाल्या, ती बाई रोज सात म्हणजे सातच काढते, तिला काय विचारायचं?"

तिला एकदम रडूच आलं. तिने पदराने कपाळ पुसल्यासारखं केलं.

"फोटो लागणार," सचिव म्हणाले. "नुसता लागणार नाही, दारासमोरच्या भिंतीवर लागणार. तोफखाना पण गप्प झालाय. फक्त मोठी प्रत काढायचीय, तर फाइल तेवढी पाठवा. तपासायला नाही हं! छापायला."

ते गेल्यावर नवऱ्याने चहा पुढे केला. "आठ दिवस पुरे व्हायचेत," तो खुणेने म्हणाला, बोटं दाखवून. तिला हसू आलं.

* * *

रविवारी दुपारी तिने फाइल संगणकावर घेतली. छापणाऱ्याने आकार विचारला होता, म्हणून तिने फाइलची माहिती उघडली. लांबी, रुंदी, तारीख, वेळ. त्याखालची ओळ ती वाचून पुढे गेली आणि पुन्हा मागे आली.

एकत्रित एक्स्पोजर: दोन.

पंखा फिरत होता. तिने ती ओळ बोट लावून वाचली, पेशी मोजताना एखादी विचित्र दिसली की थांबायची तशी. मग उठून वही काढली. त्या तारखेची ओळ तिच्याच अक्षरात होती. 'आज सहाच भरले. मोजण्यात चुकले. उद्या आठ.' त्याखाली दुसऱ्या दिवशीची ओळ, 'आठ. फिटलं.'

एकोणीस वर्षं मोजणाऱ्या बाईने सात मोजले होते आणि कार्डावर सहा दिसले, तेव्हा तिने स्वतःलाच खोटं ठरवलं होतं.

तिने कॅमेरा घेतला. पडद्यावर काळी पट्टी लावली, अंगठ्याने कडेकडेने दाबली. मग पुन्हा सावकाश दाबली. डाव्या कडेला पट्टीखाली एक बारीक बटन अंगठ्याला लागलं. पट्टी सोलून पाहिलं तर पडद्याच्या कोपऱ्यात एकमेकांवर सरकलेले दोन चौकोन उमटले होते. कॅमेरा घेतला तेव्हा दुकानदाराने त्या बटनावर ही सोय लावून देताना हौसेने सांगितलं होतं, हे दाबलं की दोन फोटोंचा एक होतो, एकदाच, मग आपलं आपण बंद. तिने मान डोलावली होती आणि विसरून गेली होती.

एका फोटोत खांब आणि लाइनमन. दुसऱ्यात खांब आणि पक्षी. खांब दोन्हींत, म्हणून तेवढा काळाकुट्ट. बाकी सगळे अर्धे अर्धे.

पक्ष्यांचा आवाज तिने आठवून पाहिला. आवाज होता. पण त्याच्या आधी दुसरा एक होता, काहीतरी जड जमिनीवर आदळल्याचा. तो तिने आजवर कुणालाच सांगितला नव्हता.

नवरा दारात उभा होता. संगणकावरची ओळ त्याने वाचली असावी. तिकिटाचं काही बोलला नाही.

"तुझा स्टॉप आलाय बहुतेक," एवढंच म्हणाला. "बेल मारू का?"

* * *

प्रदर्शनाच्या दिवशी ती दार उघडायच्या आधी तासभर गेली. फोटो दारासमोरच होता, दोन हात रुंद. खाली पाटी, 'एक क्षण. विशेष पुरस्कार.' सचिव शिडीवर चढून दिवा वळवत होते.

"मला बोलायचंय. तो फोटो खरा नाही. म्हणजे एक नाही. दोन आहेत."

"ताई..." सचिव शिडीवरूनच हसले. "अजून राग गेला नाही म्हणायचा."

"राग नाही. बटन दाबलं गेलं, पट्टीखालचं. लाइनमन सहावा, पक्षी सातवा. नियम चौथा."

"कळलं, कळलं. आम्ही चुकलो. किती वेळा माफी मागू? टोमणा मारायचा तर मारा, पण आजचा दिवस तरी सोडा. पाहुणे यायचेत."

"मी कार्ड आणलंय." तिने डबी उघडून पुढे धरली. कापसावर कार्ड होतं.

सचिव खाली उतरले, डबीचं झाकण त्यांनीच लावलं आणि तिच्या हातात परत दिली. "ठेवा ते. आमचा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे."

तिला राग आला. पोटमाळ्यावर आला होता त्याहून हा राग वेगळा होता, आणि त्याला धरायला कुणाची कॉलरही नव्हती. ती अध्यक्षांकडे गेली. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मनाचा मोठेपणा आहे हो तुमचा." तोफखान्याने तर चक्क हात जोडले. "ताई, मी हरलो. आता लाजवू नका."

दार उघडलं. माणसं आली, फोटोसमोर थांबली, वा म्हणाली. ती कोपऱ्यात डबी मुठीत धरून उभी राहिली.

मावशी आल्या त्या अकराच्या सुमाराला. कपडे बदलून, केस चापून. दारातच घुटमळल्या. सचिव धावत पुढे गेले.

"या या मावशी! तुमच्यामुळे लागलाय हा फोटो. हा बघा, तुमच्याच चौकातला."

मावशींनी फोटो आधी लांबून पाहिला, मग जवळ जाऊन. "अगं बाई, आपला खांब!" त्या खुशीत म्हणाल्या. "आणि हे पक्षी. सांगितलं नव्हतं का मी, आभाळ भरलं होतं म्हणून?" मग त्यांची मान जरा वाकडी झाली. "पण ताई, हा वर कसा?"

"कोण?" सचिवांनी विचारलं.

"हाच की, तारावाला. हा तर खाली उतरला होता. त्याने ते अवजारांचं पोतं धाडकन टाकलं, त्यानेच तर उडाले हे. मी ओरडले त्याला, केवढ्याने दचकले मी. हा माझ्याशेजारी उभा राहून नळ कुठे आहे विचारत होता, आणि हे वर फिरत होते." त्यांनी बोटाने आधी माणूस दाखवला, मग पक्षी. "दोघं बरोबर नव्हते काही."

आजूबाजूच्या दोघा-तिघांनी वळून पाहिलं. सचिवांनी चष्मा काढला आणि खिशात रुमाल शोधायला लागले. मावशींच्या लक्षात आलं की आपण काहीतरी भलतंच बोललो. त्यांचं तोंड उतरलं.

"चुकलं का हो ताई माझं? मला काय, फोटोतलं कळत नाही..."

ती कोपऱ्यातून पुढे आली. आज कितीतरी दिवसांनी तिचा श्वास खोलवर गेला. तिने मावशींचा हात धरला.

"नाही मावशी," ती म्हणाली. "परत सांगा. यांना नीट, मोठ्याने सांगा. माझं ऐकत नाहीत."