क्षणभर हात सोडा

मी शॉकचं मशीन बोलतोय. रुग्णवाहिकेत स्ट्रेचरच्या उशाशी पट्ट्याने बांधलेला असतो. थरथरत्या काळजाला झटका देतो, म्हणून लोकांना वाटतं मी मोठा धीट. खरं सांगू? माझ्याइतकं भित्रं कुणी नसेल.

कारखान्यात माझी चाचणी एका पेटीवर झाली. पेटीला बायको नसते. तिथे कसली भीती?

परवा मला एका शिंप्याच्या दुकानात नेलं. कापड बेतता बेतता शिंपीकाका कोसळले होते. शेजारचा घड्याळवाला घामाने निथळत त्यांची छाती दाबत होता. ड्रायव्हरने टेबलावरची कात्री उचलून शर्ट कापला, तशा काकू म्हणाल्या, "अहो, त्या कात्रीला कुणी हात लावलेला यांना खपत नाही."

"उठून रागावू देत," ड्रायव्हर म्हणाला आणि त्याने छाती दाबायला घेतली.

डॉक्टरबाईंनी माझ्या चिकटपट्ट्या छातीवर लावल्या. माझ्या पडद्यावर रेघ नुसती वळवळत होती. पोटात वीज भरून मी तयार झालो. बाईंनी सगळ्यांना दूर व्हायला सांगितलं. सगळे सरकले, काकू नाही. त्यांनी काकांचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला होता.

"सोडला तर जातील हो ते."

माझी पाचावर धारण बसली. झटका दिला तर काकूंनाही बसणार. थांबलो तर काका हातचे जाणार. बाईंचं बोट बटणावरच थिजलं.

घड्याळवाला खाली वाकला. "वहिनी, आत्ता धरून ठेवलंत तरच जाईल तो."

काकूंची बोटं एकेक करून सुटली. मी झटका दिला. रेघ तशीच. पुन्हा छाती दाबणं, फुग्याने श्वास देणं, शिरेत इंजेक्शन. दुसऱ्या झटक्याला काकू आपणहून मागे सरल्या. हात पाठीमागे आवळून उभ्या राहिल्या, जणू त्या हातांचा त्यांनाच भरवसा नव्हता.

थोड्या वेळाने बाईंची बोटं काकांच्या मानेवर टेकली. बराच वेळ तिथेच राहिली.

"नाडी लागतेय," त्या म्हणाल्या. मग काकूंकडे वळून, "आता धरा."

रुग्णालयाच्या दारापर्यंत काकूंनी तो हात सोडला नाही. दाराआड काय झालं, ते मला कुणी सांगत नाही. मला पुसून, नव्या पट्ट्या घालून पुन्हा जागेवर बांधलं.

आत्ता सायरन सुरू झालाय. कुणाच्या घरी, ठाऊक नाही. तुमच्याकडे आलो आणि दूर व्हा म्हणालो, तर माझा राग धरू नका. घाबरलेला मीही असतो.